‘काळी वाळू’ची पाचवी तार

इयाताबारला राग कधी यायचा असं विचारू नका. जायचा कधी, ते विचारा. वुनातिरी गावात ऊन कललं की दोन गोष्टी ठरलेल्या. धुमसत्या डोंगराच्या तोंडातून सडक्या अंड्यांचा वास खाली उतरायचा, आणि आंब्याखाली कमरेवर हात ठेवून इयाताबार शेजारच्या अंगणाकडे तोंड करून ओरडायची.

"तोवारपिऽऽन! तुझी डुकरं माझ्या रताळ्यांतऽऽ!"

तोवारपिन तिचा धाकटा भाऊ. स्वयंपाकघरामागच्या ओंडक्यावर मांडीत गिटार घेऊन बसलेला असायचा. ओरडा ऐकून तो लगेच उठेल तर शपथ. आधी गिटारची खुंटी जराशी पिळायचा, कान लावायचा, मग सावकाश उठून डुकरांना हुसकायचा. वर दात काढून म्हणायचा, "ताई, ओरडतेस छान हं!"

"छान? मेल्या, रताळी खाल्लीन् सगळी! भोक बुजव ना ते कुंपणाचं!"

"उद्या बुजवतो."

तो उद्या जन्मात उगवला नाही. बरं, माणूस आळशी म्हणावा तर तसंही नाही. छपराचं एक पान सरकलं तर तेवढ्यासाठी शिडी लावणारा. नारळाच्या करवंट्यासुद्धा आकारानुसार रचून ठेवायचा. पण दोन अंगणांमधल्या कुंपणाला डुक्कर मावेल एवढं भोक, ते मात्र पोरांची लग्नं होऊन नातवंडं आली तरी तसंच. गावानं हसून घेतलं. इयाताबार हसली नाही. भाऊ आपल्याला मुद्दाम पिडतो, आपल्या रताळ्यांची त्याला किंमत नाही, हे तिनं मनात पक्कं धरून ठेवलं होतं.

तोवारपिनचा बँड म्हणजे ‘काळी वाळू’. जगातली दुसरी मोठी लढाई संपली तेव्हा तो खोबऱ्याच्या मळ्यावर कामाला होता. तिथं सामोआकडचा एक सुतार होता, त्यानं गावी परतताना आपली जुनी गिटार ह्याच्या गळ्यात मारली. तिची एक खुंटी मोडलेली, म्हणून तारा पाचच. दुसऱ्या कुणी खुंटी बसवून घेतली असती. तोवारपिन म्हणाला, पाच तर पाच. मग दोन उकुलेले आले, म्हणजे हातभर लांबीच्या गिटारीच, चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी बांधून त्याचा जोडीदार लेवी ह्यानं घुमणारा बास केला, आणि आंब्याखाली बँड उभा राहिला. राबाउल शहराच्या रेडिओवर त्यांचं गाणं एकदाच वाजलं, तेही बातम्यांना उशीर झाला म्हणून. बाहेरच्या जगाला ‘काळी वाळू’ ठाऊक नाही. नसू दे! किनाऱ्यावरच्या गावांना ठाऊक होती, तेवढं पुरे.

त्या किनाऱ्यावर गाव तिथं बँड, आणि कुणाचं वाजवणं कुणासारखं नाही. ‘सात खडक’वाले मागे डुक्कर लागल्यासारखे पुढे पळत वाजवायचे. डोंगराकडचे जाड गळ्यानं, जमीन खणल्यासारखे गायचे. ‘काळी वाळू’ मागे रेलून वाजवायची, आणि सगळ्या वाजवण्याच्या वर एक बारीक तार अखंड चिरकत राहायची. ती चिरकली की डोळे मिटून माणूस सांगायचा, वुनातिरीवाले आले.

कारण खरी गोम तारा कशा लावायच्या त्यात. कुठली किती ताणायची, कुठली सैल सोडायची, ह्याला तिकडे किल्ली म्हणतात. प्रत्येक बँडची किल्ली वेगळी, आणि ती जिवापाड लपवायची. वाजवून झालं की गिटार खाली ठेवायच्या आधी सगळ्या तारा सैल करायच्या, म्हणजे ह्याची त्याला छेडून बघता येऊ नये. लग्न असो, मयत असो, आगबोटीवर वाजवणं असो, आधी तारा सैल, मग पाणी. तोवारपिन तर किल्ली लावताना पोटच्या पोराकडेही पाठ करून बसायचा.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या ध्यानात आली होती. ‘काळी वाळू’ वर्षागणिक खालच्या सुरात उतरत चालली होती. जुन्या कॅसेटी ऐकल्या की फरक कळायचा. सात खडकवाले टोमणे मारायचे, "काय रे, तुमच्या गिटारला म्हातारपण आलं की काय?" तोवारपिन म्हणायचा, "आलंय खरं. तिचं आलं, माझंही येणार." आणि हसायचा. कुणाला काही बोध व्हायचा नाही.

आता किल्ली पुढे कुणाची? त्यात शंका नको. इथं मूल आईचं. जमीन आईकडून, कूळ आईकडून. बापाकडून मिळतं ते नाक. मामाचं जे असेल ते भाच्याला. म्हणजे तोवारपिनची किल्ली इयाताबारच्या हेरमानची. पण हेरमान राबाउलच्या धक्क्यावर कामाला, आठवड्याला तोंड दाखवणार, आणि तोवारपिनचा मुलगा ब्लासियस मात्र बापाच्या मांडीला मांडी लावून. उकुलेले वाजवायचा, गळा गोड, बाप उठला की गिटार उचलून द्यायचा. गावातल्या बायांना तेवढं पुरलं. पाण्यावर भेटल्या की सुपारीला चुना लावत सुरू व्हायच्या.

"बापाचं काळीज आहे गं, पोराला दिल्याशिवाय राहील होय?"

"तुझ्या हेरमानच्या तोंडाला पानं पुसणार बघ तो."

इयाताबारच्या तळपायाची आग मस्तकात. घरी येऊन तिनं हेरमानला धरलं. "शिकवली का मामानं किल्ली? खरं सांग!"

हेरमाननं ताटातून मान वर न करता सांगितलं, "शिकवली गं आई."

"सगळी?"

"सगळी, सगळी. जेवू दे."

तिचा जीव भांड्यात पडला. पण ब्लासियसला तिनं पाण्यात पाहायचं सोडलं नाही. पोर "आत्या, आत्या" करत मासे घेऊन यायचा. ही मासे घ्यायची आणि म्हणायची, "ठेव तिथं. माशांनी काही विसरत नाही मी."

असं चाललेलं असताना इयाताबार खाडीपलीकडे लेकीच्या बाळंतपणाला गेली, आणि इकडे तोवारपिनला छातीत कळ आली. अंधार पडायच्या आत त्याची एक बाजू गेली, वाचा गेली. इयाताबार निरोप मिळताच मिळेल त्या होडीनं निघाली. गावच्या धक्क्यावर पाय ठेवते न ठेवते तोच एका बाईनं, हातातली टोपली खाली न ठेवताच, तिच्या कानात ओतलं, "गिटार लावलेलीच टांगलीय म्हणे भिंतीला! तारा ताणलेल्या! आणि ब्लासियस तिच्याखाली बसून आहे, हलत नाही."

लावलेली गिटार! जन्मभर त्या माणसानं गिटार लावलेली खाली ठेवली नव्हती. म्हणजे बापाची वाचा गेली आणि पोरानं डल्ला मारला. इयाताबार रस्ताभर मोठ्यानं बोलत आली. ती भावाच्या घरात शिरली तेव्हा वहिनी चुलीपाशी पेज ढवळत होती आणि ब्लासियस पाद्र्याला आणायला चर्चकडे गेला होता. चटईवर तोवारपिन पडला होता. डोक्यावर भिंतीला गिटार. इयाताबारनं हात वर करून एक तार छेडली. ती खणखणीत बोलली.

"वा रे वा!" ती भावाला म्हणाली. "आयुष्यभर लपवलीस आणि शेवटी उघडी टाकलीस? कुणासाठी? त्याच्यासाठी ना? बहिणीचा मुलगा काय कुत्र्यानं आणून टाकलाय?"

तोवारपिनचा चांगला हात उठला. गिटारकडे गेला, मग तिच्याकडे आला. परत गिटारकडे, परत तिच्याकडे. तोंडातून नुसतं ‘आं, आं’.

"हो, हो, कळतंय! पोराला दे म्हणतोयस. नाही देणार!" तिनं गिटार खाली ओढली आणि पाचही खुंट्या उलट्या फिरवल्या. तारा लोंबायला लागल्या. "घ्या म्हणावं आता. चोरा काय चोरायचं ते! हेरमानला येते, तेवढं बास आहे."

तोवारपिनचा हात चटईवर पडला. डोळ्यातून पाणी आलं ते तिनं पाहिलं. तिला वाटलं, चोरी पकडली म्हणून रडतोय. दुसऱ्या सकाळी तो गेला.

मग काय, रडणं, माती, आणि वर्षश्राद्धासारखी मोठी पंगत ठरवण्यासाठी कुळातले म्हातारे बसले. शंखांच्या माळा, म्हणजे तिकडचा पैसाच, कुणी किती वाटायच्या, डुकरं किती, ते झालं. शेवटी सगळ्यात थोरला म्हातारा म्हणाला, "पंगतीच्या दिवशी तोवारपिनची गाणी त्याच्याच किल्लीत वाजली पाहिजेत. हेरमान वाजवेल. नाही वाजली तर सात खडकवाले पाहुणे म्हणून येणारच आहेत, ते त्यांच्या किल्लीत वाजवतील. मग ‘काळी वाळू’ त्याच्याबरोबर पुरली असं समजायचं." इयाताबार ताठ मानेनं म्हणाली, "वाजतील! माझा हेरमान आहे."

त्या सुतकात ब्लासियसनं एक काम केलं. नवे बांबू तोडून कुंपणाचं भोक बुजवलं. "आत्या, आता तुला त्रास नाही."

"भाऊ गेल्यावर कुंपण!" ती खेकसली. "आता काय चाटू ते?" खरं सांगायचं तर त्या दिवसापासून ऊन कललं की तिला चुकल्यासारखं व्हायचं. आंब्याखाली जाऊन उभी राहायची आणि ओरडायला काही नसायचं, म्हणून आणखी चिडायची.

पंगतीच्या दोन दिवस आधी आंब्याखाली तालीम बसली. लेवी खोकं घेऊन आला, उकुलेले आले, हेरमाननं मामाची गिटार मांडीवर घेतली. एक खुंटी पिळली. दुसरी पिळली. परत पहिली. बोटं फिरवली तर मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज. लेवीनं खोक्यावर हात ठेवून खाली बघितलं.

"गिटारच बिघडलीय," हेरमान म्हणाला. "खुंट्या सैल झाल्यात."

"नाचता येईना अंगण वाकडं!" लेवी पुटपुटला.

"हेरमान," इयाताबार म्हणाली. आवाज खाली होता, म्हणून सगळे घाबरले. "तुला येते ना?"

हेरमाननं गिटार खाली ठेवली. "नाही येत."

"शिकवली म्हणालास!"

"बोलावलं होतं मामानं. कितीदा तरी बोलावलं. मी म्हटलं, पुढच्या सुट्टीत. मला वाटलं, मामा कुठं जातोय! आणि तुला खरं सांगितलं असतं तर तू..." त्यानं पुढचं गिळलं.

"मी काय? मी खाल्लं असतं तुला? बोल ना! धक्क्यावर पत्ते कुटायला वेळ आहे आणि मामाकडे यायला नाही? मी बायांसमोर नाक वर करून सांगत फिरले, माझा हेरमान, माझा हेरमान!" तिनं हातातला माडाचा झाडू त्याच्या पाठीत घातला. मोठा बाप्या माणूस, मुकाट मार खाऊन बसला. मग ती ब्लासियसकडे वळली. "आणि तू! तू शिरजोर! चोरलीस ना? मग लाव आता, सगळ्यांसमोर लाव!"

"मला येत नाही आत्या."

"खोटारडा!"

"एकदा वाकून बघितलं तर बाबांनी थोबाडीत मारली. म्हणाले, ही तुझ्या आत्याच्या घरची आहे, तुझी नाही." ब्लासियसचाही आवाज आता चढला. "छातीत दुखायला लागलं त्या सकाळी त्यांनी स्वतः गिटार लावली आणि भिंतीला टांगली. मला सांगितलं, हेरमानला निरोप धाड, तो येऊन एकेक तार छेडून कानानं घेईल. तोवर तू हात लावलास तर माझा मुलगा नाहीस. निरोप धाडला, पण हेरमान पोचायच्या आत तू आलीस. मी खाली राखण करत बसलो होतो, आत्या! कोंबडी फिरकू दिली नाही जवळ. पाद्र्याला घेऊन आलो तर तारा लोंबत होत्या. कुणी केल्या सैल?"

इयाताबारनं आपल्याच हातांकडे पाहिलं.

"मी केल्या!" इयाताबार ओरडली. "मी! ह्या हातांनी केल्या! झालं समाधान? आणि तो बघत होता! हात हलवून सांगत होता आणि मी... अरे, पण कुणी सांगायचं नाही का मला? तो पाठ करून बसणार, हा खोटं बोलणार, तू मूग गिळून राखण करणार! झाकली मूठ, झाकली मूठ! झाका अजून! मूठ झाकूनच गेला तो, आणि तुम्ही बसा आता टाळ्या वाजवत!"

झाडू फेकून ती घरात गेली. भांडी आपटण्याचे आवाज येत राहिले. मग रडण्याचा आला, आणि त्यावर लगेच परत भांड्यांचा.

संध्याकाळी ब्लासियस दाराशी आला. आत पाऊल न टाकता म्हणाला, "आत्या, मी कानानं शोधून बघू? किल्ली तुमची आहे. तू हो म्हटलंस तरच."

हो म्हणणं तिच्या जिवावर आलं. भावाच्या पोराच्या हातात आपल्या घरची किल्ली! पण पंगत परवा. "बघ," ती म्हणाली. "आणि उपकार केल्यासारखं तोंड करू नकोस."

त्यानं चार तारा गाठल्या. खरंच गाठल्या, लेवी म्हातारा ऐकून डोळे पुसायला लागला. पण पाचवी, ती सगळ्यात वरची चिरकणारी, काही केल्या सापडेना. थोडी वर घेतली की बोचायची, थोडी खाली घेतली की ‘काळी वाळू’ची ‘सात खडक’ व्हायची. लेवी म्हणाला, "ती तार कुठल्या सुरात बसायचीच नाही रे. दोन सुरांच्या मधे कुठं तरी लोंबायची. तुझ्या बापाला कुठं सापडली देव जाणे."

पंगतीचा दिवस उजाडला. तापल्या दगडांवर केळीच्या पानात कंद आणि डुकराचं मांस नारळाच्या दुधात शिजत होतं. शंखांच्या माळा वाटून झाल्या, माणसं झाडाखाली दाटली. सात खडकवाले सारख्या रंगाचे शर्ट घालून आले होते, गळ्यात फुलं, गिटारी चकचकीत. त्यांचा पुढारी सुपारीची पिंक टाकून म्हणाला, "काय काकू, ऐकलं ते खरं का? आमची किल्ली देऊ का उसनी? मयताला काय कळतंय!"

"तुझ्या मयताला तुझी किल्ली दे!" इयाताबार म्हणाली. पण आतून ती खचली होती. थोरला म्हातारा दोनदा तिच्याकडे बघून गेला होता. ऊन कलायला लागलं. त्यानं तिसऱ्यांदा मान हलवली म्हणजे सात खडकवाले उठणार.

आणि ब्लासियस कुठं? तो जागेवर नाही. ती त्याला शोधत भावाच्या स्वयंपाकघरामागे गेली. पोर बापाच्या ओंडक्यावर गिटार घेऊन नुसता बसला होता, कुंपणाकडे बघत.

"इथं काय मुहूर्त बघतोस? तिकडे अब्रू चाललीय!"

"आत्या," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "बाबा रोज ह्याच वेळी इथं बसायचे ना? गिटार घेऊन?"

"बसायचा. मग?"

"चार तारा लावून व्हायच्या. मग नुसते बसून राहायचे. मी विचारायचो, कशाची वाट बघताय? तर म्हणायचे, डुकरं जाऊ देत. मला वाटायचं थट्टा करतायत." तो उठला. "लहानपणी मी हे भोक बुजवायला घेतलं होतं. बाबांनी कोयता हिसकावला माझ्या हातातून. म्हणाले, ह्या भोकाला हात लावशील तर ‘काळी वाळू’ बंद पडेल. आत्या, डुकरं जायची आणि तू ओरडायचीस. तू ओरडलीस की बाबा शेवटची खुंटी पिळायचे. ती तार तुझी आहे."

इयाताबारला एकेक आठवत गेलं. ओरडा ऐकला की आधी खुंटी पिळणारा, मग उठणारा भाऊ. गिटार खाली खाली उतरत गेली, कारण हिचा गळा उतरत गेला. आणि चटईवरून तो हात, गिटारकडून तिच्याकडे, परत परत तिच्याकडे.

"ओरड ना आत्या," ब्लासियस खुंटीवर बोटं ठेवून म्हणाला. "लवकर."

तिनं तोंड उघडलं. "तोवारपिन..." एवढंच, आणि तेही फाटकं.

"हा नाही. हा तो नाही. जोरात!"

"तुझी... तुझी डुकरं..." तिला रडू फुटलं. कुंपणाकडे पाच-पन्नास माणसं जमली होती. सात खडकवाल्यांपैकी कुणी तरी हसलं. "नाही येत रे!" ती म्हणाली. "ओरड म्हटलं की ओरडता येतं होय? राग काय दुकानात मिळतो?"

जन्मभर जो राग हाकलून जात नव्हता, तो नेमका आज पळाला होता.

ब्लासियसनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा नव्या कुंपणाकडे. गिटार लेवीच्या हातात दिली आणि धावत जाऊन कुंपणाला लाथ घातली. बांबू कडाकड मोडले. खुंट्याला बांधलेली एक डुकरीण उरली होती, बाकीची डुकरं पानात शिजत होती. तिची दोरी सोडून त्यानं ती त्या भोकातून पलीकडे घातली. डुकरिणीला काय, वाटच बघत होती. मुसंडी मारली ती थेट वाफ्यात. आठवडाभर पाणी घालून वाढवलेले रताळ्याचे वेल तिनं मुळासकट उपटले आणि कचाकच खायला लागली.

"अरे! अरे मेल्या, काय केलंस!" इयाताबारचे हात आपोआप कमरेवर गेले. मान वर झाली. आणि चर्चच्या पलीकडून कुत्री भुंकायला लागतील असा आवाज निघाला, "तोवारपिऽऽन! तुझी डुकरं माझ्या रताळ्यांतऽऽ!"

ब्लासियसनं लेवीच्या हातून गिटार ओढली आणि खुंटी पिळली. तार तिच्या आवाजामागे चढली, चढली, आणि जिथं तिचा आवाज थांबला तिथंच बोलत राहिली. दोन सुरांच्या मधे, चिरकी, कुणाच्या बापाला न ऐकणारी. लेवीनं तोंडावर हात घेतला. सात खडकवाल्यांचा पुढारी चघळायचा थांबला.

इयाताबारनं ती तार ऐकली. लग्नांत ऐकली होती, मयतांत ऐकली होती, जन्मभर ऐकली होती, आणि दर वेळी म्हटलं होतं, शी, केवढी कर्कश लावतो.

"चांडाळा!" ती ओंडक्याकडे बघून म्हणाली. तिथं कुणी नव्हतं. "जन्मभर माझी रताळी खाऊ घातलीस डुकरांना! जन्मभर मला भांडकुदळ म्हणवून घेतलंस गावाकडून! एकदा, एकदा तोंड उघडून सांगायला काय झालं होतं तुला?" आणि ती जी रडायला लागली, ती माती दिली त्या दिवशीही रडली नव्हती तशी.

ब्लासियस खोळंबला होता. किल्ली लागली होती, पण वाजवायचं कुणी? त्यानं गिटार हेरमानपुढे धरली. हेरमाननं आईकडे पाहिलं.

"त्याच्याकडे काय देतोस?" तिनं कमरेला गुंडाळलेल्या लापलापच्या टोकानं नाक पुसलं. "तू वाजव. माझ्या घरची आहे, मी देतेय. कुणाला काही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणावं." तिच्या तोंडावर काही म्हणायची त्या गावात कुणाची छाती नव्हती.

"आणि मी?" हेरमान म्हणाला.

"तू? तू जा, डुक्कर हाकल."

‘काळी वाळू’ आंब्याखाली बसली आणि मागे रेलून वाजवायला लागली. वरती ती तार अखंड ओरडत होती.